मैदानाचा पहिला हक्क लीगच्या क्लबांचा

गेल्या हंगामातल्या एका रविवारी दुपारी एक वाजता आमची जिल्हा फुटबॉल लीगची मॅच होती. तिसरा डिव्हिजन. वस्तीपासून चालत पंधरा मिनिटांवरचं मैदान मिळालं होतं, म्हणून पोरं खुशीत होती. शनिवारी रात्री नऊच्या सुमारास व्हॉट्सॲपवर निरोप आला की मैदान दुसऱ्या कार्यक्रमाला दिलंय आणि मॅच शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होईल. रविवारी हार्बरवर मेगाब्लॉक. गोवंडी-मानखुर्दकडची आमची पाच पोरं वाटेतच अडकली. किकऑफच्या वेळी मैदानावर आमचे सहाजण उभे होते. फुटबॉलचा नियम सांगतो की एका बाजूला सातपेक्षा कमी खेळाडू असतील तर सामना सुरू करता येत नाही. रेफ्रीने थांबता येईल तेवढा वेळ थांबून पाहिलं आणि मग समोरच्या संघाला वॉकओव्हर दिला.

त्या सहांत आमचा लेफ्ट बॅक होता. रात्रभर भिवंडीच्या गोदामात पार्सलं लावून, न झोपता थेट मैदानावर आलेला. उजव्या बुटाचा सोल नाक्यावरच्या मोचीकडून शिवून घेतलेला आणि शिवण उसवू नये म्हणून वरून काळ्या इन्शुलेशन टेपचे तीन वेढे. वॉकओव्हर जाहीर झाल्यावर तो खाली बसला, नखाने टेपचं टोक शोधलं, सगळी टेप हळूहळू सोडवली आणि पाण्याच्या बाटलीभोवती गुंडाळून ठेवली. पुढच्या मॅचला चालेल म्हणून. मी क्लबचा सेक्रेटरी. नायगावच्या आमच्या छोट्या क्लबाचं काम मी पंचवीस वर्षं करतोय, पण त्या दुपारी त्याच्याशी काय बोलावं ते मला कळेना.

म्हणून जे म्हणायचंय ते इथे म्हणतो. मुंबईतल्या सार्वजनिक मैदानांच्या वेळा वाटताना फुटबॉलपुरता पहिला हक्क जिल्हा लीगमध्ये खेळणाऱ्या, वस्तीत रुजलेल्या क्लबांचा असायला हवा. भाडं नाममात्र हवं आणि एकदा दिलेली वेळ हंगाम संपेपर्यंत कुणालाही फिरवता येऊ नये. या हक्काच्या बदल्यात क्लबांनीही शहराला काही दिलं पाहिजे. त्याबद्दल पुढे लिहितो, कारण आमच्या क्लबांच्या जगातही लपवण्यासारखं बरंच आहे.

या शहरात फुटबॉल टीव्हीबरोबर आलेला नाही. रोव्हर्स कप ही स्पर्धा इथे १८९१ साली सुरू झाली. वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन १९११ची. सुरुवातीला गोऱ्या पलटणीच कप नेत. १९३७ साली बंगळूरच्या मुस्लिम संघाने तो पहिल्यांदा भारतीयांच्या हाती आणला. शहराची हार्वूड लीग शंभरी ओलांडलेली, आणि कूपरेज मैदानाच्या लाकडी बाकांवर बसून ती पाहिलेली माणसं अजून आमच्या चाळीत आहेत. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा मुंबईचा. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. भारत त्या स्पर्धेत चौथा आला, आणि त्यानंतर आजपर्यंत आपण ऑलिंपिकमध्ये तिथवर पोचलेलो नाही. वांद्र्यातल्या एका मैदानाला त्याचं नाव आहे. तिसऱ्या डिव्हिजनचा पोरगा तिथे खेळतो तेव्हा पाटीवरचं ते नाव कुणाचं हे त्याला कुणी सांगत नाही. आमच्या क्लबात मी सांगतो.

त्या काळात हौशी खेळाडूला पुढे जायला वाट होती. वस्तीतला पोरगा आधी गल्लीच्या क्लबात खेळायचा. लीगमध्ये चमकला की टाटा, मफतलाल, एअर इंडिया, महिंद्रा, रेल्वे, आरसीएफ, बेस्ट यांपैकी कुणाच्या तरी नजरेत भरायचा आणि खेळाच्या जोरावर नोकरीला लागायचा. कॅलटेक्स या तेल कंपनीच्या संघाने १९५८ साली रोव्हर्स कप जिंकला होता, म्हणजे कंपनीचा संघ ही शोभेची गोष्ट नव्हती. गिरणगावात अशा नोकरीवर उभी राहिलेली घरं मी पाहिली आहेत. बाप गिरणीत, थोरला मुलगा फुटबॉलमुळे रेल्वेत, आणि धाकट्याचं शिक्षण थोरल्याच्या पगारावर.

मग एकेक पायरी निखळत गेली. रोव्हर्स कप २०००-०१ नंतर झालाच नाही. महिंद्राचा संघ २००५-०६ साली राष्ट्रीय लीग जिंकला आणि २०१०मध्ये बंद झाला. मुंबई एफसी २००७मध्ये निघाली, दहा हंगाम खेळली, २०१७मध्ये आय-लीग या तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमधून खाली घसरली आणि संपली. २०१४पासून मुंबई सिटी आहे. २०२०-२१मध्ये तिने आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, जिंकली तेव्हा आमच्या पोरांनीही फटाके लावले. पण आयएसएलमध्ये खालून वर जाण्याची वाटच पहिली नऊ वर्षं नव्हती. २०२३मध्ये पंजाबचा संघ आय-लीग जिंकून वर गेला, तोवर ती लीग वरून बंद होती. आता कागदावर जिना आहे. नायगावचा क्लब तिसऱ्या डिव्हिजनमधून चढत चढत कधीतरी देशाच्या लीगपर्यंत जाऊ शकतो, निदान तसं म्हणता तरी येतं. जिन्याची अगदी खालची पायरी मात्र मैदान आहे, आणि तीच पायाखालून काढून घेतली जातेय.

पूर्ण आकाराचं फुटबॉलचं मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद, म्हणजे ७,१४० चौरस मीटर. शहरांनी माणशी दहा ते बारा चौरस मीटर मोकळी जागा ठेवावी असं केंद्र सरकारची नियोजनाची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. मुंबईत वापरता येईल अशी मोकळी जागा माणशी दीड चौरस मीटरही भरत नाही. अशा शहरात बावीस पोरांना ७,१४० चौरस मीटर द्या, ही मागणी कुणालाही उधळपट्टीची वाटेल. तेवढ्याच जागेत जाळी लावून, हिरवा गालिचा अंथरून पाच-सहा छोटे टर्फ सहज बसतात. तासाला दीड-दोन हजार रुपये, रात्री दिवे लावून एक वाजेपर्यंत. मैदान ज्याच्या ताब्यात आहे त्याचं गणित मला समजतं. ते गणित सार्वजनिक जागेवर मांडलं जातं, तिथे माझा विरोध सुरू होतो.

टर्फवर खेळणाऱ्यांशी माझं वैर नाही. ऑफिस सुटल्यावर दहाजण पैसे काढून तासभर खेळतात, घामाघूम होतात, ते चांगलंच आहे. त्यासाठी खासगी जागा आहेत, गच्च्या आहेत, मॉलच्या छपरांवरही टर्फ आहेत. पण टर्फवर फुटबॉलचा अर्धा भागच खेळला जातो. चारी बाजूंना जाळी असल्यामुळे चेंडू बाहेर जात नाही, म्हणून थ्रो-इन येत नाही. ऑफसाइड नसतो. तीस मीटर लांब चेंडू टाकायचा आणि तो पोचेपर्यंत धावणाऱ्याकडे बघायचं, ही नजर तिथे तयार होत नाही. आमच्याकडे टर्फवर वाढलेली हुशार पोरं ट्रायलला येतात. पायात चेंडू असा खेळवतात की बघत राहावं. मोठ्या मैदानावर उतरली की वीस मिनिटांत दम लागतो आणि लाइन कुठे धरायची ते समजत नाही.

त्याहून मोठी गोष्ट लीगची आहे. टर्फवर आपण मित्रांशी खेळतो. लीगमध्ये समोर कोण येणार हे आपल्या हाती नसतं. नायगावची पोरं मालवणीशी खेळतात, धारावीची पोरं कुलाब्याशी, माझगावची ऑर्लेमशी. एरवी या वस्त्यांमधली माणसं एकमेकांना ओळखायला कारण काय? रेफ्रीची शिट्टी अन्यायाची वाटली तरी मान खाली घालून पुढे खेळावं लागतं, हरल्यावर हात मिळवावा लागतो, हंगामाच्या शेवटी तक्त्यात आपली जागा काय हे जगासमोर असतं. खाली घसरलात तर पुढच्या वर्षी पुन्हा तिथून. ज्या पोरांच्या आयुष्यात बाकी कुठलीच संस्था त्यांना नियमाने वागवत नाही, त्यांना नियम पाळणारी आणि त्यांच्याशी नियमाने वागणारी एक तरी जागा इथे मिळते. सलग तीन हंगाम लीग खेळलेला पोरगा नोकरीच्या मुलाखतीत वेगळा बसतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

हौशी नाटकांच्या स्पर्धांतून मराठी रंगभूमीला किती नट मिळाले हे आपण अभिमानाने सांगतो. तालुक्याच्या गावच्या नाट्यमंडळाने सहा महिने तालमी करून एका रात्रीचा प्रयोग केला तर त्याला कुणी वेळेचा अपव्यय म्हणत नाही. फुटबॉलच्या हौशी क्लबाकडे मात्र आपण उनाड पोरांचं टोळकं म्हणून बघतो. तालीम दोन्हीकडे तेवढीच असते.

तालीम म्हटल्यावर कोल्हापूर आठवणारच. तिथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब हे संघ पेठांमधून आणि तालमींमधून उभे राहिले, आणि आजही शाहू स्टेडियमवर त्यांच्या मॅचला हजारो माणसं येतात. काही वर्षांपूर्वी मी पाटाकडील आणि दिलबहारची मॅच बघायला मुद्दाम गेलो होतो. माझ्या शेजारी सत्तरीचे एक आजोबा बसले होते. गोलकीपरने चेंडू पकडला तरी ते त्याला नाव घेऊन ओरडत होते, कारण तो त्यांच्या गल्लीतला. पेठापेठांतली ईर्षा तिथे कधी हाणामारीवरही जाते, आणि ते वाईटच आहे. पण हे सगळं टिकलंय ते एका साध्या गोष्टीमुळे. शहराच्या मधोमध एक मैदान ठरलेलं आहे. हंगाम सुरू झाला की मॅच कुठे, हे विचारावं लागत नाही. संघाला घर आहे म्हणून त्याला माणसंही आहेत. मुंबईत आमच्या मॅचेस कधी इथे, कधी तिथे, वर्किंग डेच्या सकाळी नाहीतर भर दुपारी. आमच्या चाळीतली माणसं बघायला येणार तरी कशी? मग आम्हालाच ऐकवतात की हौशी फुटबॉलला प्रेक्षक नाहीत.

जानेवारी २०१६मध्ये महापालिकेने मोकळ्या जागा संस्थांना दत्तक द्यायचं धोरण मंजूर केलं. नागरिकांनी इतका आवाज उठवला की मुख्यमंत्र्यांना त्याला स्थगिती द्यावी लागली. त्या लढ्यात मीही सहीची पानं घेऊन फिरलो होतो. तरी एक गोष्ट तेव्हा खटकली आणि अजून खटकते. चर्चेत दोनच बाजू होत्या. एकीकडे जागा बळकावून क्लबहाऊस बांधणारे, दुसरीकडे बाग आणि चालण्याचा ट्रॅक मागणारे नागरिक. ज्या पोरांना चेंडू घेऊन पळायला सपाट जमीन हवी होती त्यांच्या वतीने बोलणारं कुणी नव्हतं, कारण ती पोरं सभांना येत नाहीत आणि इंग्रजीत निवेदनं लिहीत नाहीत. विकास आराखड्यात प्लेग्राउंड वेगळं आणि रिक्रिएशन ग्राउंड वेगळं दाखवलेलं असतं. प्लेग्राउंडवर कारंजं, लॉन आणि ओपन जिम आलं की ते खेळाचं राहत नाही, मग कागदावर रंग कुठलाही असो.

आता आमच्या घरातलं. लीगच्या यादीतले सगळे क्लब खरे नाहीत, हे या खेळात असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. काही क्लब एका माणसाच्या बॅगेत आहेत. हंगामाच्या सुरुवातीला पोरं गोळा करायची, नावं भरायची, जमेल तेवढ्या मॅचेस खेळायच्या, उरलेल्यांत वॉकओव्हर द्यायचा. संघटनेच्या निवडणुकीत क्लबाला मत असतं, तेवढ्या मतासाठी क्लब जिवंत ठेवणारेही आहेत. काही जण डिव्हिजनमधली जागा दुसऱ्याला चालवायला देतात आणि वर्षभर मैदानाकडे फिरकत नाहीत. अशा क्लबांना सार्वजनिक मैदान द्या असं मी म्हटलं तर लोक मला हाकलून देतील आणि ते बरोबर ठरेल. २०२२च्या ऑगस्टमध्ये फिफाने भारताच्या फुटबॉल महासंघालाच निलंबित केलं होतं, अकरा-बारा दिवसांसाठी का होईना. कारभार नीट नसला की काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय.

म्हणून हक्काला अटी हव्यात, आणि त्या कडक हव्यात. वरिष्ठ संघाबरोबर किमान दोन वयोगटांचे मुलांचे संघ आणि एक मुलींचा संघ असल्याशिवाय मैदानाची वेळ मिळू नये. निम्मे तरी खेळाडू मैदानाच्या आसपासच्या वॉर्डांतले असावेत. दरवर्षी हिशेब तपासून तो मैदानाच्या फाटकावर लावावा. हंगामात दोनदा वॉकओव्हर दिला तर वेळ दुसऱ्या क्लबाला जावी. खेळाडूंची नोंदणी आता महासंघाच्या सीआरएस या नोंदणी प्रणालीवर ऑनलाइन होते, त्यामुळे कोण खरंच खेळतोय हे शोधायला कुठल्याही अधिकाऱ्याला पाच मिनिटंही लागणार नाहीत. या अटींत पहिल्या वर्षी अर्धे क्लब गळाले तरी चालेल. आमच्या क्लबाला मुलींचा संघ नाही, म्हणजे आज आम्हीही गळू.

मुलींच्या संघाबद्दल थोडं अधिक लिहायला हवं. दोन वर्षांपूर्वी आम्ही प्रयत्न केला होता. शाळेतल्या चौदा मुली यायला लागल्या. सहा आठवड्यांत चार उरल्या. घरच्यांचा विरोध मी धरूनच चाललो होतो, पण खरं कारण वेगळं निघालं. मैदानावर मुलींना कपडे बदलायला खोली नव्हती, आणि जे स्वच्छतागृह होतं त्याला आतून कडी नव्हती. एका मुलीची आई रोज तासभर त्या दाराबाहेर उभी राहायची. तिने काम सोडून किती दिवस यावं? २०२२मध्ये महिलांचा आशियाई चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला, त्याच वर्षी सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचे काही सामनेही नवी मुंबईत खेळले गेले. स्टेडियम झळाळत होती. आमच्या मैदानावर कडी बसली नाही. महापालिकेचं २०२५-२६चं अंदाजपत्रक ७४ हजार कोटींच्या वरचं होतं. कडी, एक खोली, एक नळ आणि दोन गोलपोस्ट यांसाठी त्यातून पैसे निघत नाहीत हे मला कुणी पटवून देऊ शकणार नाही.

सोहळ्यांना पैसे निघतात. १५ सप्टेंबर २०१७ला राज्यभर एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळायला लावण्याचा कार्यक्रम झाला. सतरा वर्षांखालील विश्वचषक तोंडावर होता. शाळांना चेंडू वाटले गेले, आमच्या भागातल्या शाळांतही आले. मुलं त्या दिवशी वेड्यासारखी खेळली, आणि मला मनापासून आनंद झाला. दुसऱ्या दिवशी त्या मुलांनी चेंडू घेऊन जायचं कुठे, याचं उत्तर कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं. ते उत्तर वस्तीतला क्लब असतो. शाळेतलं पोर दहावीनंतर शाळेचं राहत नाही. क्लब त्याला पंचविशीपर्यंत धरून ठेवतो.

मैदान सगळ्यांचं आहे, मग फुटबॉलवाल्यांनाच का, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि तो रास्त आहे. सकाळी चालायला येणारे ज्येष्ठ, क्रिकेटची पोरं, कबड्डीचं मंडळ, गणपती-नवरात्र, हे सगळे मैदानाचे धनी आहेत. आम्ही मागतोय ते आठवड्याचे तास. शनिवार-रविवारच्या ठरावीक वेळा लीगसाठी, आठवड्यातल्या दोन संध्याकाळी सरावासाठी, आणि उरलेलं सगळं बाकीच्यांसाठी. चालणाऱ्यांची वेळ पहाटेची, ती आम्ही घेऊ नये. क्रिकेटला तर हे शहर वर्षानुवर्षं हेच देत आलंय. पावसाळ्यातल्या कांगा लीगसाठी १९४८पासून मैदानं, क्लब, तंबू यांची घडी बसलेली आहे आणि त्यातून मुंबईचे खेळाडू घडले हे सगळे मान्य करतात. फुटबॉलच्या क्लबाला तंबू नको. त्याला वेळ लिहून दिलेली हवी, जी शनिवारी रात्री नऊ वाजता कुणाला पुसता येणार नाही.

आणि महसुलाचं म्हणाल तर कोणत्या मैदानाची कोणती वेळ कुणाला, किती भाड्याने दिली, हे पालिकेने आणि मैदानं सांभाळणाऱ्या संस्थांनी एका पानावर सगळ्यांना दिसेल असं मांडावं. लीग चालवणाऱ्या संघटनेनेही मॅचेसचं वेळापत्रक निदान चार आठवडे आधी पक्कं करावं. मैदानं हाती नसतील तर संघटनेलाही ते जमत नाही, हे मी त्यांच्या बाजूने सांगतो. आज कुठली वेळ रिकामी आहे हे कळायला आम्हाला ओळखीचा माणूस लागतो. ज्याला ओळख नाही त्याचा क्लब दोन वर्षांत बंद पडतो. गेल्या दहा वर्षांत आमच्या आसपासचे असे पाच क्लब मी बंद पडताना पाहिले. त्यांच्यातलं एकही पोरगं पुढे कुठे खेळताना दिसलं नाही.

आमच्या क्लबाने विभाग कार्यालयात अर्ज दिला आहे. रविवारी सकाळी आठ ते अकरा लीगसाठी, मंगळवार आणि गुरुवारी संध्याकाळी सरावासाठी, त्यातला गुरुवार मुलींचा. सोबत हिशेबाच्या वहीच्या झेरॉक्स, खेळाडूंची यादी आणि स्वच्छतागृहाच्या दाराचा फोटो जोडलाय. खाली बेचाळीस सह्या आहेत. सगळ्यात वरची लेफ्ट बॅकची, कारण रात्रपाळी करून सकाळी सर्वांत आधी तोच आला होता. पोचपावतीवर शिक्का मारून घेतला आहे.